अठरा नंबरची नक्षी

१

बाईंना चेहरे दिसत. आता चेहरे सगळ्यांनाच दिसतात, पण ते माणसाच्या मानेवर. बाईंना ते कुठेही दिसत. भिंतीवरच्या ओलीच्या डागात, कपाच्या तळाशी उरलेल्या चहाच्या चोथ्यात, दवाखान्यातल्या फरशीत. “अगं, हा बघ कसा तोंड फुगवून बसलाय,” असं त्या उशीच्या सुरकुतीकडे बोट दाखवून म्हणत आणि समोरच्याला ते बघावंच लागे. एकदा दाखवलेला चेहरा पुन्हा दिसेनासा होत नसे, ही त्यातली खरी पंचाईत. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या मैत्रिणी या घरात झोपायला येत नसत, त्याचं कारण हेच.

वेड वगैरे काही नव्हतं. ही त्यांची नोकरी होती. गावाबाहेर कापड छापणारी एक गिरणी होती आणि तिथे सैन्यासाठी वाळवंटी कापड छापलं जाई. वाळूत उभा राहिलेला माणूस वाळूतच मिसळून जावा असं डागाठिपक्यांचं कापड. अशा नक्षीत चुकूनही चेहरा राहून चालत नाही. माणसाची नजर कितीही लांबून आधी चेहरा हुडकते. डागांच्या पसाऱ्यात कुठे दोन डोळे आणि एक तोंड जमलं की नजर तिथे अडकते, आणि नजर अडकली की कपड्यातला माणूस सापडलाच म्हणून समजा. तेव्हा नक्षीमास्तर डाग काढायचे, बाई त्यातले चेहरे शोधायच्या, आणि मास्तर ते पुसायचे. असं एकतीस वर्षं चाललं. गिरणीत त्यांना चेहरेबाई म्हणत. पुढे ‘चेहरे’ गळून गेलं आणि नुसतं ‘बाई’ उरलं.

नक्षीमास्तर म्हणजे बाईंचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी दुपारी तीनच्या ठोक्याला बाई चहा टाकत आणि पहिल्या घोटाआधी मास्तरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणत. त्या दिवशी कप तोंडाशी आला आणि चेहरा आलाच नाही. खोकला आला, खिसा उसवलेला सदरा आला, रंगाने माखलेला उजवा अंगठा आला. पण चेहऱ्याच्या जागी काही लागेना. नाक कसं होतं? बाईंनी कप खाली ठेवला. चहावर साय धरली तरी त्या तशाच बसून होत्या.

फोटो बघून घ्यावा म्हणाल, तर मास्तरांचा धड फोटो एकही नव्हता. कॅमेरा दिसला की ते मान फिरवत. “आपण लपवणारी माणसं, बाई. आपलं तोंड कशाला दाखवायचं?” लग्नाची नोंदणी झाली तेव्हाच्या फोटोतसुद्धा ते पेनाचं टोपण शोधायला टेबलाखाली वाकले होते. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. आज बाईंना त्या फोटोचा इतका राग आला की त्यांनी तो पालथा घातला.

जन्मभर डागांतून चेहरे काढणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा सापडू नये! कुणाला सांगायची सोय नव्हती, पोटच्या मुलीलाही नाही. लाज वाटत होती. रडू येत होतं, आणि रडताना आपण कुणासाठी रडतोय ते डोळ्यांसमोर येत नव्हतं.

२

नक्षीखातं गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. उत्तरेला एक मोठी खिडकी, तिच्याखाली मास्तरांचं उतरतं टेबल, आणि टेबलाशेजारी लाकडी चौकटीत पसरलेली दोन पोती वाळू. वाळवंट त्या खात्यात कुणीच पाहिलेलं नव्हतं. मास्तरांनी तर समुद्रही पाहिला नव्हता. ती दोन पोती हेच त्यांचं वाळवंट. सकाळी दहाला ते वाळूकडे एकदा बघत, दुपारी तीनला एकदा, ऊन कलल्यावर एकदा. कुठला रंग किती दिसला ते वहीत टिपून ठेवत. “झाडीत लपवायचं सोपं असतं,” ते म्हणायचे, “हिरव्यात हिरवं ढकलून द्यायचं. वाळूत लपायला काही नसतंच. तिथे माणसाची कड मोडावी लागते. खांदा कुठे संपला आणि जमीन कुठे सुरू झाली तेच कळू द्यायचं नाही.” त्यांच्या रंगांची नावं साधी होती. वाळू, गहू, राख, वीट आणि सावली. सावली सगळ्यांत थोडी वापरायची, पण काम सगळं तिचं.

बाई तेव्हा घडीखात्यात होत्या. छापून आलेल्या कापडातले दोष बघायचे आणि चिठ्ठी लावायची, हे काम. अशीच एक चिठ्ठी घेऊन त्या वर आल्या, भिंतीवर टाचलेल्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या म्हणाल्या, “हे आजोबा कोण?”

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. “कुठले आजोबा?”

“हे काय, दाढीवाले. दात पडलेत बिचाऱ्यांचे.”

मास्तर कागदासमोर पाच मिनिटं उभे राहिले. त्यांना काही म्हणता काही दिसेना. हीच तर गंमत होती. आयुष्यभर डाग काढणाऱ्या या माणसाला डागात चेहरा कधी दिसलाच नाही. शेवटी बाई बारा पावलं मागे गेल्या आणि तिथून सांगू लागल्या. डावीकडे. अजून थोडं. आता खाली. दोन सावलीचे ठिपके आहेत ना, ते डोळे. त्यांच्यामधला गव्हाचा लांबट डाग म्हणजे नाक. मास्तरांच्या भुवया जवळ आल्या, कपाळाला आठी पडली, आणि मग ते एकदम ओरडले, “हं! सापडला!” लगेच ओला अंगठा फिरवून त्यांनी आजोबांना पुसूनही टाकलं. कच्च्या रंगावर ओला अंगठा फिरला की चिर्र असा बारीक आवाज होई.

पुढच्याच महिन्यात बाईंची बदली वरच्या मजल्यावर झाली आणि दोन वर्षांनी लग्न झालं. घडीखात्यातल्या बायका म्हणाल्या, “चेहरा बघून लग्न करतात ते ऐकलं होतं. चेहरे बघता बघता लग्न केलेलं हे पहिलंच जोडपं!”

काय दिवस होते ते! खिडकीतला सारखा उजेड, गोंदाचा वास, खालून येणारी रोलरची घरघर, स्टुलावर निवत ठेवलेले दोन चहा. कागद चारी बाजूंनी फिरवून भिंतीला टाचायचा, बारा पावलांवर बसायचं आणि बघत राहायचं. चेहरा दिसला की तांबड्या पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढायचा. मास्तर त्यांना घरीही ‘बाई’च म्हणत, आणि बाई त्यांना ‘मास्तर’. किती तोंडं पुसली असतील त्या अंगठ्याने! रागावलेली, झोपलेली, दात काढून हसणारी. एक तर रडणाऱ्या बाळाचं निघालं. “पुसा हो पटकन,” बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी दोघांनाही चहा गेला नव्हता.

३

एक चेहरा मात्र बाईंनी सोडला होता.

अठरा नंबर ही मास्तरांची शेवटची नक्षी. बाईंनी कागद आडवा फिरवला आणि खालच्या अंगाला त्यांना चक्क मास्तर दिसले. अर्ध्या तळहाताएवढे. टेबलावर वाकून काम करताना दिसत तसे, जरा एका बाजूने, नजर खाली. आपण आपल्यालाच काढून ठेवलंय याचा त्या भल्या माणसाला पत्ता नव्हता. बाईंच्या हातात तांबडी पेन्सिल होती.

“काय बाई, कोण सापडलं?” मास्तरांनी न बघताच विचारलं.

“कुणी नाही,” बाई म्हणाल्या. “पास.”

एवढी एकच लबाडी. एवढासा चेहरा, तोही कापताना अर्धा जाईल, शिवणीत दडेल, कोण बघतंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. तरी पुढे कधी बातम्यांत वाळवंटातल्या सैनिकांचं काही लागलं की बाई उठून आत जात आणि उगाच भांडी लावत बसत. आता मात्र त्यांना त्या लबाडीची आठवण झाली आणि जीव सुपाएवढा झाला. मास्तर कुठेतरी शिल्लक होते. अठरा नंबरचं कापड मिळालं की झालं.

त्यांनी रंगमामांना फोन लावला. रंगमामा म्हणजे गिरणीच्या रंगखात्यातले जुने सहकारी. मुलगी त्यांना मामा म्हणे, म्हणून सगळेच म्हणू लागले. गिरणी बंद पडल्यावर उरलंसुरलं कापड विकायला त्यांनी एक लहानसं दुकान टाकलं होतं.

“अठरा नंबर?” रंगमामा फोनवर खो खो हसले. “या वयात भरती व्हायचंय की काय, बाई?”

“घेतील का मला?”

“तुम्हाला बघून शत्रूच पळेल. शोधतो, थांबा. माळ्यावर एक तुकडा असेल.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सहा मीटर कापड घेऊन आले, चहा प्यायले, मास्तरांच्या दोन आठवणी सांगून डोळे पुसले आणि गेले.

४

सहा मीटर कापड एका भिंतीवर मावणारं नव्हतं. बाईंनी मधल्या खोलीत खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत दोरी बांधली, चिमटे लावले आणि कापड आडवं टांगलं. कुणी बघितलं असतं तर म्हातारीने घरातच तंबू ठोकला म्हणालं असतं. मग कपाटाशेजारी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि त्या बसल्या.

अर्धं मिनिटही लागलं नाही. “अगं बाई!” त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

एक नाही, नऊ मास्तर होते. नक्षी रोलरवर कोरलेली असते. रोलरचा एक फेरा झाला की तीच नक्षी कापडावर पुन्हा पहिल्यापासून उमटते. याला गिरणीत रिपीट म्हणत. अठरा नंबरचा रिपीट चौसष्ट सेंटिमीटरचा, तेव्हा सहा मीटरांत नऊ मास्तर, ओळीने, एकसारखे, नजर खाली घालून कामात गुंतलेले. नाक! नाक असं होतं तर. टोकाशी किंचित उजवीकडे कललेलं. विसरलेच कशी मी? बाई खुर्चीतून उठून एकेका मास्तरांपाशी गेल्या. जवळून नुसते डाग दिसत, मागे आलं की पुन्हा मास्तर. त्या दुपारी त्यांनी चहा घेतला तो इतका गोड लागला की साखर दोनदा पडली की काय असं त्यांना वाटलं.

तीन दिवस मोठ्या सुखाचे गेले. बाई कापडाशी गप्पा मारत. शेजारणीने भिंत कशी रंगवली, गुडघा कसा दुखतो, मुलीला कचेरीत बढती कशी मिळाली. नऊही मास्तर मान खाली घालून ऐकत. जिवंतपणीही ते असेच ऐकत, तेव्हा वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी कप उचलला आणि त्यांचा हात तसाच राहिला. डावीकडून चौथ्या मास्तरांची नजर खाली नव्हती. त्यांनी डोळे वर केले होते आणि ते खिडकीकडे बघत होते.

५

छे! असं कुठे असतं? रोलर एकच. त्याला नवं काही सुचत नाही. बाई मनाशी बोलत होत्या. कापडाला ओढ बसली असेल, चिमट्याने चुणी पडली असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांनी चुणी सोडवली, चष्मा बदलला. मास्तर खिडकीकडेच बघत होते.

मग त्यांनी गिरणीतल्या रीतीने खातरजमा करायची ठरवलं. पारदर्शक कागद पहिल्या मास्तरांवर धरला, बारीक पेन्सिलीने भोवतीचा डाग न् डाग उतरवून घेतला आणि तो कागद नेऊन चौथ्यांवर ठेवला. सगळे डाग केसभरही न हलता जुळले. फक्त डोळ्यांजवळचे दोन सावलीचे ठिपके जुळले नाहीत. कागदावरच्यापेक्षा ते दाण्याएवढे वर होते.

दुसऱ्या दिवशी सातवे मास्तर दाराकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी दुसरे आणि नववे.

बाईंनी रंगमामांना बोलावून घेतलं. खरं काय ते सांगितलं नाही, छपाईत दोष दिसतोय एवढंच म्हणाल्या. मामांनी टेप लावला, कागद ठेवला, डोळे बारीक करून बघितलं.

“कुठाय दोष? सगळं ठाकठीक आहे.”

“चौथ्या रिपीटमध्ये सावली सरकलीय.”

“कुठे सरकलीय? ही बघा, तुमच्या रेघेवर बसलीय.” मामांनी बोट ठेवलं. बाईंनी बघितलं. ठिपके रेघेच्या वर होते. मामांचं बोट ठिपक्यांवर नव्हतंच, त्यांना ते दिसतच नव्हते. “बाई, एकतीस वर्षं डोळे फोडून घेतलेत तुम्ही. आता जरा विश्रांती द्या त्यांना. ती भिंत अशी भरून ठेवू नका. मला रंगखात्यातल्या माणसालासुद्धा गरगरतंय.”

मामा जायला निघाले तेव्हा बाईंना एकदा वाटलं, दाखवावं यांना. डावीकडे, खाली, हे डोळे, हे नाक. जन्मभर साऱ्या जगाला दाखवत आल्या होत्या. पण एकदा दाखवलं की ते दिसेनासं होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांनी मामांचा टेप उचलून त्यांच्या हातात दिला. दार लावून आत आल्या तेव्हा नऊच्या नऊ मास्तर मान वर करून खोलीत बघत होते.

६

ते काहीतरी शोधत होते. हे कळायला बाईंना आणखी दोन दुपारी लागल्या. रोज नजरा बदललेल्या असत. एक मास्तर खिडकीचा पडदा बघत, एक शिवणयंत्र, एक पंख्याची दांडी. कुणाचीच नजर कुठे ठरत नव्हती. आणि सगळ्यांच्या कपाळाला तीच आठी. बाईंना ती आठी चांगली ओळखीची होती. “कुठाय? मला नाही बाई दिसत,” असं म्हणत मास्तर कागदासमोर उभे राहत तेव्हा पडायची ती.

काय शोधताय हो, असं त्या विचारणार होत्या. त्याच वेळी पाचव्यांची नजर कपाटावरून सुटून खुर्चीवरून पुढे दाराकडे गेलेली त्यांना दिसली. म्हणजे मघाशी कपाटाकडे होती, आता दाराकडे होती, आणि मधे खुर्ची होती. खुर्चीत बाई होत्या.

मास्तरांच्या बाजूने ही खोलीच एक नक्षी होती. पडदा, पंखा, कपाट, सगळे डागच. आणि त्या डागांत ते एक चेहरा शोधत होते. बिचाऱ्यांना तो कधीच सापडत नसे.

घरात आवाज तसे नेहमीचेच होते. नळाची टिपटिप, शेजारचा रेडिओ, जिन्यावरून कुणीतरी चढत गेल्याचा धपधप आवाज. त्यांत तीनच्या सुमारास एक आवाज मिसळू लागला होता. चिर्र. थांबून पुन्हा चिर्र. पाल असेल, असं बाई स्वतःला सांगत. कपाटामागे दोनदा झाडू फिरवून झाला. पाल काही निघाली नाही.

रविवारी मुलगी आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि सहसा रविवार चुकवत नसे; मागचा मात्र कचेरीच्या कामात गेला होता. “आई, हे काय मांडलंयस? उतरव बघू आधी. मामांचा फोन आला होता मला. आठ दिवसांत तू घराबाहेर पडलेली नाहीस.”

“पडेन गं. गुडघा दुखतो.”

“आणि दिवसभर याच्यासमोर बसून करतेस काय?”

“बघते.”

“काय बघतेस?”

बाईंनी लेकीकडे बघितलं. ती नेमकी कापडाला पाठ करून उभी होती आणि तिच्या डोक्यामागून सहावे मास्तर तिच्या केसांवरून, खांद्यावरून, तिच्यावरून सरळ पलीकडे बघत होते. “काही नाही,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “तू इथे नको उभी राहूस. चल, आत बसू.”

जाताना मुलीने त्यांच्याकडून वचन घेतलं, पुढच्या रविवारपर्यंत कापड उतरवायचं.

७

सोमवारी दुपारी बाई खरंच उठल्या. इतकी वर्षं त्या अंगठ्याशेजारी बसून काढली होती. चेहरा सापडला की तो अंगठा काय करतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सापडला की पुसायचा. विचार करायचा नाही, हळहळायचं नाही. कामच ते. नुसतं गप्प बसलं की झालं, मास्तरांना काही या जन्मी आपण दिसणार नाही, आणि कापड गुंडाळून कपाटात टाकलं की सगळंच मिटलं. त्यांनी पहिला चिमटा काढला. दुसरा काढायला हात वर केला आणि समोर मास्तर दिसले.

आठी आणखी खोल गेली होती. डोळे थकले होते. तोंड किंचित उघडं होतं. गर्दीत घरचं माणूस चुकल्यावर होतो तसा तो चेहरा झाला होता. हा माणूस इतके दिवस मला शोधतोय, आणि मी समोर बसून चहा पितेय! त्यांनी चिमटा परत लावला आणि त्या खुर्चीत जाऊन बसल्या.

“मास्तर,” त्या म्हणाल्या. “खिडकीत नाही. डावीकडे या.”

कापड हललं नाही. बाईंनी डोळे मिटून उघडले तेव्हा नऊच्या नऊ नजरा कपाटावर होत्या.

“अजून थोडं डावीकडे. आता खाली. खुर्ची आहे ना, तिच्या पाठीच्या वर. राखेचा डाग दिसतोय? ते केस. पांढरे झालेत आता. त्याच्याखाली सावलीचे दोन ठिपके.” त्यांनी स्वतःच्या डोळ्यांकडे बोट नेलं. “ते डोळे. माझे डोळे आहेत ते, मास्तर. मधला गव्हाचा लांबट डाग म्हणजे नाक. आणि खाली ही विटेची रेघ.”

आठी सुटली. भुवया वर गेल्या, गाल वर आले, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या, आणि नऊही चेहरे एकदम उजळले. सापडलं! तो आनंद बाईंनी किती वर्षं रोज बघितला होता आणि कसा विसरून बसल्या होत्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळे मास्तर होते, काही म्हणून राहिलं नव्हतं. बाईही हसल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

मग चेहऱ्यांच्या खाली, जिथे आतापर्यंत नुसती वाळू होती तिथे, नऊ ठिकाणी एकच डाग वर येताना दिसला. आखूड, रुंद, टोकाशी चपटा.

“अहो, नको. मास्तर, ही मी आहे, मी—”

चिर्र असा आवाज झाला, अगदी जवळ. बाईंच्या दोन भुवयांच्या मधोमध काहीतरी ओलं आणि गार टेकलं.

८

त्यानंतर घरात फार शांत झालं. कापडावर डाग होते, नुसते डाग. भिंतीवरची ओल म्हणजे ओल, कपातला चोथा म्हणजे चोथा. नजर कुठे अडकतच नव्हती. झालं ते बरंच झालं, असं बाईंनी स्वतःला दोन दिवस सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण डबा परत द्यायला आली. बाई तिच्याशी दारात दहा मिनिटं बोलल्या, पण ती शेजारीण आहे हे त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं. न्हाणीघरातला आरसा त्यांनी एकदा पुसला, पुन्हा एकदा पुसला आणि मग त्याच्यावर टॉवेल टाकला. मास्तरांचं नाक आठवून बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

रविवारी जिन्यातूनच मुलीची हाक आली. “आई, ओरडायचं नाही हं! मी केस कापले!”

ती धावतच आत आली आणि खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. तिला धाप लागली होती. “पार बारीक केले. उकडत होतं म्हणून, दुसरं काही नाही. आणि कापून झाल्यावर आरशात बघितलं तर माझ्या अंगावर काटाच आला. बाबा गं! हुबेहूब बाबा! इतकी वर्षं केसांखाली लपून बसले होते बघ, आणि आपल्याला कळलंच नाही.” ती हसत होती आणि तिचा आवाज कापत होता. “तुला एक सांगू? रागावू नकोस. मला हल्ली बाबांचा चेहराच आठवेनासा झाला होता. तुला सांगायची लाज वाटायची.”

मला पण, असं बाईंना म्हणायचं होतं.

“बघ ना, आई. अशी काय करतेस, नीट बघ.”

बाईंनी चष्मा सारखा केला आणि नीट बघितलं. समोर एक गव्हाळ डाग होता, त्याच्यावर काळा. त्यात सावलीचे दोन ठिपके, मधे एक लांबट डाग, खाली विटेची रेघ. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त ते जमून येत नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, मागे रेलून बघितलं. एकतीस वर्षांत जेवढं शिकल्या होत्या तेवढं सगळं करून बघितलं.

“नाक बघ. टोकाशी वळलंय बघ कसं. आणि भुवया. दिसलं का?”

बाईंनी हात पुढे केला आणि बोटांनी चाचपलं. गाल ओला होता.

“दिसलं गं,” त्या म्हणाल्या.

“आहे ना हुबेहूब?”

“हुबेहूब आहे.”

मुलीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. “आता फोटो नाही म्हणून रडायचं नाही,” ती म्हणाली. “बाबांची आठवण आली की माझ्याकडे बघत जा.”